विषादाचा योग

सुमारे दोन वर्षांपूर्वी बजबजहून एका मराठी गृहस्थांचे पत्र आले. बजबज हे कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्व तीरावरील तागाच्या गिरण्यांचे आणि तेलाच्या टाक्यांचे गाव. हे गृहस्थ तेथील एका तेलडेपोत नोकरीस आहेत. त्यांचा एकुलता मुलगा रोज लोकलने सियालदहला उतरून शहरातील एका महाविद्यालयात जात असे. पत्राचा आशय असा होता : मुलगा दुसऱ्या वर्षात आल्यापासून त्याच्या वृत्तीत मोठा पालट झाला आहे. मित्रांशी बोलणे त्याने टाकले. एकवेळ जेवतो, तेही अर्धपोटी. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत माळ ओढीत बसतो आणि पहाटे पुन्हा उठतो. अभ्यासाचे पुस्तक त्याला हाती धरवत नाही. विचारले तर, 'बाबा, यात काही अर्थ नाही', एवढेच म्हणतो. त्याच्या आईचा जीव थाऱ्यावर नाही. परंतु गृहस्थांना स्वतःला आतून एक प्रकारचे समाधान वाटत होते. या भोगलोलुप काळात आपल्या घरी वैराग्य उपजावे हे पूर्वपुण्य, असे त्यांनी लिहिले होते. ज्या गावी स्वामी विवेकानंद परदेशाहून परतताना आगबोटीतून उतरले त्या गावच्या मातीचाच हा गुण असेल काय, असाही प्रश्न शेवटी होता.

आम्ही त्या पत्रास जे उत्तर धाडले, ते आज सांगताना संकोच वाटतो. सहाव्या अध्यायात योगभ्रष्ट पुरुष पुढील जन्मी शुचिमंतांच्या किंवा योग्यांच्या घरी येतो असे भगवंतांनी सांगितले आहे. त्याचा दाखला देऊन आम्ही गृहस्थांचे अभिनंदन केले आणि मुलाच्या साधनेत व्यत्यय आणू नये असे कळविले. मुलाला आम्ही पाहिले नव्हते. त्याच्याशी दोन शब्द बोललो नव्हतो. त्याच्या आईची काळजी पत्रात एका ओळीत आली होती, ती ओळ आम्ही ओलांडून गेलो.

तीन आठवड्यांनी दुसरे पत्र आले. मुलगा एका रात्री कोणास न सांगता घरातून निघून गेला आणि पहाटे नदीच्या घाटावर एकटा बसलेला सापडला. एका नावाड्याने त्याला हटकले, आपल्याजवळ बसवून ठेवले आणि घरी निरोप पोचविला. मुलगा घरी आला तो रडत. कित्येक महिन्यांपासून आपल्याला जगावेसे वाटत नाही, माळ हाती घेतली की तेवढा वेळ तो विचार दूर राहतो, म्हणून रात्रभर ती सोडवत नाही, असे त्याने आईजवळ सांगितले. ज्याला आम्ही वैराग्य म्हणून गौरविले, ती बुडत्या माणसाची धडपड होती.

हा लेख त्या चुकीतून निघाला आहे. गीता वाचणाऱ्या घरांतच ही चूक अधिक संभवते, असे आम्हांस वाटू लागले आहे. कारण आपल्याजवळ औदासीन्यासाठी, उपवासासाठी, एकांतासाठी, जागरणासाठी मोठी आणि सुंदर नावे तयार आहेत. ज्या घरात गीता नाही त्या घरचा बाप मुलगा जेवत नाही असे पाहून घाबरतो. आपण मात्र त्याला तप म्हणतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपला जीव दिला, आणि त्यांत राज्यवार पाहता सर्वाधिक विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. या मुलांपैकी कित्येकांच्या घरी देव्हारा असेल, संध्याकाळी दिवा लागत असेल. तेव्हा, 'आमच्याकडे धर्माचे वातावरण आहे, आमच्या मुलांना असे काही होणार नाही', या भरवशावर कोणी निर्धास्त राहू नये.

आता गीतेकडेच वळू. पहिल्या अध्यायाचे पारायण आपण बहुधा घाईने करतो. शंखांची आणि वीरांची नावे घेत दुसरा अध्याय केव्हा येतो याची वाट पाहतो. परंतु अर्जुनाची अवस्था तेथे किती नेमकी सांगितली आहे ते पाहावे. त्याचे अवयव गळून जातात, तोंड कोरडे पडते, अंगास कंप सुटतो, कातडीचा दाह होतो, हातातले धनुष्य निसटते, उभे राहवत नाही, मन भ्रमल्यासारखे होते. आणि सर्वत्र विपरीत चिन्हेच दिसू लागतात. मन खचले की आधी शरीर बोलते, ही गोष्ट व्यासांनी तत्त्वज्ञानाच्या आरंभी मांडून ठेवली आहे. आणि या अध्यायास नाव दिले आहे 'अर्जुनविषादयोग'. विषाद हाही योग कसा, हा प्रश्न टीकाकारांनी पुष्कळ चर्चिला आहे. आम्हांस त्यातील एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. अर्जुन रथातून उतरून अंधारात निघून गेला नाही. त्याने जे होत होते ते शेजारच्या माणसास, न लाजता, सर्व लक्षणांसह सांगितले. विषाद योग झाला तो बोलला गेला म्हणून आणि ऐकला गेला म्हणून.

ऐकणाऱ्याने काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. संपूर्ण पहिल्या अध्यायात भगवंत एकदाच, तेही अर्ध्या श्लोकापुरते, बोलतात. जमलेल्या कौरवांना पाहा, एवढेच सांगतात. त्यानंतर अर्जुन सबंध अध्याय संपेपर्यंत बोलत राहतो आणि भगवंत मध्ये एक अक्षर उच्चारीत नाहीत. ज्याच्यापाशी सर्व उत्तरे होती तो गप्प राहिला. आपण मात्र मुलाने तोंड उघडले की दुसऱ्या वाक्याला उत्तर घेऊन उभे असतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी भगवंतांनी अर्जुनास खडसावले आहे. हा नामर्दपणा तुला शोभत नाही, उठ, असे सांगितले आहे. मग बापाने मुलास का खडसावू नये? आक्षेप घेणाऱ्याने त्यापुढचे श्लोक वाचावेत. त्या खडसावण्याने अर्जुन उठला नाही. उलट भीष्मद्रोणांवर बाण कसे टाकू, हेच त्याने पुन्हा सांगितले. इंद्रियांना शोषून टाकणारा हा शोक पृथ्वीचे आणि स्वर्गाचे राज्य मिळाले तरी जाईल असे दिसत नाही, असे तो म्हणाला. आणि 'लढणार नाही' असे सांगून मौन धरून बसला. मग भगवंत हसल्यासारखे करून जे बोलू लागले ती गीता होय. म्हणजे धिक्काराचे श्लोक दोन, आणि ते निष्फळ ठरल्यावर समजावण्याचे पाचशेहून अधिक. आपल्या घरांतून त्या दोन श्लोकांचाच उपयोग फार होतो. शिवाय उपदेश सुरू झाला तो अर्जुनाने 'मी तुझा शिष्य आहे, मला सांग' असे म्हटल्यावर. आणि अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावरही, याचा पूर्ण विचार करून तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असे म्हणून भगवंतांनी निर्णय त्याच्यावरच सोपविला.

तथापि गीतेचा हा दाखला ताणूही नये. अर्जुनाचा विषाद एका प्रसंगातून उद्भवला आणि त्याच रणभूमीवर निवळला. महिनोन् महिने झोप न येणाऱ्या, कारण विचारले तर कारण न सांपडणाऱ्या मुलाची अवस्था ही तीच आहे असे मानण्यास आधार नाही. ज्वर आलेल्या मुलास आपण गीता ऐकवतो, पण वैद्यासही बोलावतो. मनाच्या ज्वरास वेगळा न्याय का लावावा, हे कोणी सांगू शकलेले नाही.

बजबजच्या गृहस्थांनी विवेकानंदांचे नाव घेतले होते. ते त्यांनी घेतले हे बरेच झाले. कारण महाविद्यालयीन तरुणाच्या मनःक्लेशाचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये मद्रासहून निघालेली आगबोट बजबजला लागली आणि १९ तारखेच्या सकाळी खास गाडीने स्वामीजी सियालदह स्थानकावर पोचले. तेथे विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः ओढीत नेली. हे चित्र सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्यांची गाडी विद्यार्थी ओढीत होते, ते तेरा वर्षांपूर्वी याच शहरात काय भोगीत होते?

नरेंद्रनाथ दत्त १८८४ साली बी. ए. झाले, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांचे वडील विश्वनाथबाबू अकस्मात वारले. मागे कर्ज, धाकटी भावंडे आणि भाऊबंदकीचा तंटा. नरेंद्र अनवाणी, उपाशीपोटी नोकरीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत. घरात अन्न थोडे आहे असे दिसले की 'मला बाहेर जेवणाचे आमंत्रण आहे' असे आईस खोटेच सांगून बाहेर पडत. सकाळी उठताना देवाचे नाव घेतले, तर आईच म्हणाली की लहानपणापासून देव देव करतोस, त्याने काय दिले? ईश्वर असला तरी त्याला हाक मारण्यात अर्थ नाही, असे ते उघड बोलू लागले. लोकांनी त्यांच्या चारित्र्याविषयीही कुजबूज केली. एका रात्री पावसात भिजून, थकून, ते रस्त्याकडेच्या एका घराच्या ओसरीवर पडून राहिले.

या तरुणाशी श्रीरामकृष्ण कसे वागले ते पाहावे. नरेंद्र बिघडला असे सांगणाऱ्यांना त्यांनी गप्प केले. भेट झाली तेव्हा त्यांनी त्याला दक्षिणेश्वरास नेले. आणि तेथे वाद नाही, उपदेश नाही, जवळ येऊन एक गाणे म्हटले. दोघेही रडले. पुढे नरेंद्रानेच 'माझ्या घरच्यांसाठी देवीजवळ मागा' असा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी त्यालाच कालीमातेपुढे पाठविले. तीन वेळा तो गेला आणि तिन्ही वेळा धन न मागता विवेक, वैराग्य, ज्ञान, भक्ती मागून परतला. ही कथा आपण येथेच थांबवितो, कारण ती येथे फार गोड होते. पण नरेंद्राने परत येऊन आपला हट्ट सोडला नाही, आणि श्रीरामकृष्णांनीही, जा, तुझ्या घरच्यांना जाड्याभरड्या अन्नवस्त्राची वाण पडणार नाही, असे आश्वासन दिले. वैराग्य मागणाऱ्या शिष्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, हे त्या विरक्त गुरूला कळत होते.

म्हणूनच बजबजला उतरण्यापूर्वी थोडे दिवस मद्रासच्या व्याख्यानात तरुणांना स्वामीजींनी जे सांगितले, ते त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आले असावे. गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलच्या खेळाने तुम्ही स्वर्गाच्या अधिक निकट जाल. स्नायू थोडे बळकट झाले की गीता तुम्हांस अधिक कळेल, अशा अर्थाचे ते बोलले. गीतेच्या मासिकात हे लिहिणे काहींना रुचणार नाही. परंतु गीतेनेच सहाव्या अध्यायात सांगून ठेवले आहे की अति खाणाऱ्यास योग नाही तसा मुळीच न खाणाऱ्यासही नाही. अति झोपणाऱ्यास नाही तसा जागत राहणाऱ्यासही नाही. आणि सतराव्या अध्यायात शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहाला, व देहात असलेल्या भगवंतालाच, जे कृश करतात त्यांना कोणत्या वर्गात घातले आहे, ते वाचकांनी स्वतः काढून पाहावे. आमचे लोकमान्य महाविद्यालयात गेले तेव्हा त्यांनी पहिले वर्ष व्यायामाने शरीर कमावण्यात घालविले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मग आपल्या मुलाचे एक वर्ष प्रकृतीसाठी गेले तर ते कोणापासून लपवावयाचे?

वैराग्य आणि आजार यांत भेद कसा करावा, असे त्या गृहस्थांनी नंतर विचारले. त्याचे पक्के उत्तर वैद्यकशास्त्र जाणणाराच देईल. परंतु गृहस्थाच्या नजरेस पडेल असे काही सांगता येते. १९१६ च्या मार्चमध्ये विनोबा इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि सुरतेस उतरून काशीस गेले. बाहेरून पाहता हीही शिक्षण सोडण्याची, घर सोडण्याचीच गोष्ट. आईबापांस तिचे दुःख झालेच असेल. पण त्या तरुणापुढे जावयाचे ठिकाण होते. काशीस त्यांनी अभ्यास केला, गांधीजींशी पत्रव्यवहार केला, आणि जूनमध्ये कोचरबच्या आश्रमात येऊन पडेल ते काम अंगावर घेतले. टाकण्यापेक्षा धरणे त्यांच्या ठायी अधिक होते. विषादग्रस्त मुलगा फक्त टाकीत जातो : आधी खेळ, मग मित्र, मग अन्न, मग झोप, आणि शेवटी स्वतःला. गीतेनेही त्यागाचे तीन प्रकार सांगताना, मोहाने टाकलेले आणि क्लेशाच्या भयाने टाकलेले, या दोहोंस खरा त्याग म्हटलेले नाही. मात्र एक सावधगिरी. अठराव्या अध्यायात भय, शोक, विषाद न सोडणाऱ्या धृतीस तामसी म्हटले आहे, तो श्लोक आजारी मुलाच्या तोंडावर फेकणारे सज्जन आम्ही पाहिले आहेत. आजार हा दुर्गुण नव्हे. पाय मोडलेल्यास आपण आळशी म्हणत नाही.

गृहस्थांची दुसरी शंका अधिक खोल होती. मनाचे डॉक्टर पाश्चात्त्य विद्येचे. ते देवाचे नाव घेणे हाच रोग ठरवतील, अशी त्यांना भीती वाटे. योगायोग असा, की तिचे उत्तर त्यांच्याच शहराच्या इतिहासात होते. गिरींद्रशेखर बसू हे कलकत्त्याचे डॉक्टर. मनाच्या दमनाच्या विषयावर १९२१ साली त्यांना कलकत्ता विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, १९२२ साली त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली, १९३३ साली तेथील कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९४० साली लुंबिनी पार्क हे रुग्णालय उभे केले. व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि तो नुसता शिष्यभावाचा नव्हता; मतभेद ते स्पष्ट कळवीत. त्याच गिरींद्रशेखरांनी गीतेवर बंगालीत विवरण लिहिले. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याच्या संस्थेने हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट धाडली आणि त्या नास्तिक वृद्धाने ती आपल्या मेजावर ठेवली. ज्या नगरात मनोवैद्य गीतेचा भाष्यकार होऊ शकला, त्या नगरात गीतावाचकाने मनोवैद्याची धास्ती का घ्यावी?

मुलास अखेर कोलकात्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे जातात, आणि बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये, हे डॉक्टरांनी आईबापांना बजावून सांगितले. जीव देण्याचे विचार येतात काय, असे मुलास सरळ विचारण्यास गृहस्थ भीत होते. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल असे त्यांना वाटे. तसे होत नाही, विचारल्याने मुलाचे ओझे हलकेच होते, असे डॉक्टरांनी सांगितले. जाणकारांचे सर्वत्र हेच मत आहे. ज्यांना डॉक्टर जवळ नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ पासून 'टेलिमानस' नावाची विनामूल्य दूरध्वनी सेवा चालविली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीत आणि बंगालीतही बोलता येते. घरात पंचांग जेथे टांगलेले असते तेथे हा आकडा लिहून ठेवण्यास हरकत नसावी.

उपचार सुरू झाल्यावर मुलगा हळूहळू बोलू लागला, तेव्हा मूळ गोष्ट बाहेर आली. पहिल्या वर्षी दोन विषयांत तो नापास झाला होता आणि ते त्याने घरी सांगितलेच नव्हते. का सांगितले नाही? घरात रोज रात्री गीतेचा एक अध्याय वाचला जाई. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हा श्लोक बापाच्या तोंडी नेहमी असे. आणि त्याच बापाने मुलाच्या बारावीच्या गुणांचा आकडा नागपूरपासून पुण्यापर्यंतच्या सर्व आप्तांस स्वतः कळविला होता. मुलाने दोन्ही ऐकले होते आणि कोणते खरे हे त्याने ओळखले होते. फलाची आसक्ती बापाची आणि निष्काम कर्माचा उपदेश मुलाला, अशी वाटणी आज किती घरांत आहे! गुणांवर डोळा ठेवून निष्कामतेचा पाठ देणे म्हणजे मुलाच्या हातून गीताच काढून घेणे होय. कारण अपयशाच्या रात्री ज्या शब्दांचा त्याला आधार व्हावयाचा, त्यांवरचा त्याचा विश्वास आपणच उडविलेला असतो.

हे सर्व लिहून गृहस्थांनी आम्हांस दोष दिला नाही. त्यांनी दिला असता तर आम्हांस अधिक बरे वाटले असते. मुलाने माळ पुन्हा घ्यावी काय, एवढेच विचारले. हा प्रश्न आता आम्हांस विचारू नये, मुलास आणि डॉक्टरांस विचारावा, असे आम्ही उत्तर दिले. डॉक्टरांनी आडकाठी केली नाही; रात्रीची झोप पुरी झाली पाहिजे एवढीच अट घातली. मुलगा मात्र, सध्या नको, म्हणाला. गृहस्थांना ते जड गेले, पण त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मुलाचे एक वर्ष गेले. आता तो महाविद्यालयात जातो. पहिल्या वर्षाच्या राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला आहे. गेल्या १९ फेब्रुवारीस स्वामीजींच्या आगमनाच्या स्मरणासाठी पितापुत्र बजबजच्या स्थानकावर गेले होते. गर्दीत मुलास गुदमरल्यासारखे झाले, तेव्हा कार्यक्रम अर्धा टाकून दोघे परतले. वाटेत घाटाजवळच्या टपरीवर ते चहास थांबले. तेथे मुलाने चहाबरोबर दोन बिस्किटे मागून घेतली, असे गृहस्थांनी पत्रात मुद्दाम लिहिले आहे.